अमुदाचे प्रश्न

मराठी वाचकाला कर्ण फार जवळचा. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 साली आली, मागोमाग रणजित देसाईंची 'राधेय' आली, आणि निदान दोन पिढ्या या एका टाकलेल्या मुलासाठी डोळे पुसत वाढल्या. इतकी हळहळ करूनही एक गोष्ट आपण सहसा विचारत नाही. कर्णाला त्याचा जन्म सांगितला कुणी, आणि तेव्हाच का? उद्योगपर्वात आधी कृष्ण सांगतो, मग कुंती. दोघंही येतात ते युद्ध दाराशी आल्यावर, आणि दोघांनाही त्याच्याकडून काहीतरी हवं असतं. कृष्णाला तो पांडवांच्या बाजूला हवा, कुंतीला तिची मुलं शाबूत हवीत. त्याआधी भर रंगमंडपात त्याचं कुळ विचारून त्याला खाली पाहायला लावलं गेलं, तेव्हा कुंती तिथेच बसलेली होती. तिला मूर्च्छा आली, पण तोंडातून शब्द निघाला नाही. माझ्या मते या कथेतला मोठा अन्याय लपवण्यात नाही, सांगण्यात आहे. सत्य त्याला मिळालं ते सांगणाऱ्याच्या गरजेपोटी, आणि सांगून झाल्यावर त्याच्याजवळ थांबायला कुणी तयार नव्हतं.

चेन्नईच्या मणिरत्नम यांनी ही गाठ दोनदा सोडवायला घेतली. पहिल्यांदा 1991 साली, 'दळपती'मध्ये. तो तर उघडउघड कर्णच होता. कोवळ्या वयातली अविवाहित आई बाळाला मालगाडीच्या डब्यात ठेवते, ते झोपडपट्टीत वाढतं, मोठं होऊन देवराज नावाच्या दादाचा उजवा हात बनतं. तो सूर्या साकारला रजनीकांत यांनी, म्हणजे बंगळूरच्या मराठी घरात जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाडांनी. आई भेटते, भाऊ भेटतो, सगळे गैरसमज फिटतात आणि शेवटी आई या टाकलेल्या मुलापाशीच राहायचं ठरवते. महाभारतानं कर्णाला जे दिलं नाही ते चित्रपटानं दिलं, आणि प्रेक्षकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. मला तो चित्रपट आवडतो. पण त्याचा शेवट म्हणजे इच्छापूर्ती आहे, हे सूर्यालाही मनातून ठाऊक असावं.

दुसऱ्यांदा 2002 साली, 'कन्नत्तिल मुत्तमिट्टाल'मध्ये. इथे भूतकाळासमोर उभी आहे नऊ वर्षांची मुलगी. हातात बंदूक नाही, पाठीशी टोळी नाही. अमुदा चेन्नईतल्या सुखवस्तू घरात वाढते. वडील तिरुचेल्वन इंजिनिअर आणि लेखक, बायकोच्या म्हणजे इंद्राच्या नावाने कथा लिहिणारे. पाठचे दोन भाऊ. शाळा, दंगा, मार खाणं, लाड, सगळं चारचौघींसारखं. नवव्या वाढदिवशी वडील तिला सांगतात की तू आम्ही दत्तक घेतलेली मुलगी आहेस. तिची जन्मदाती श्यामा श्रीलंकेतली तमिळ. गावात लष्कर घुसलं, नवरा जंगलात गेला, ती गरोदर असताना होडीने समुद्र ओलांडून रामेश्वरमच्या निर्वासित छावणीत आली, तिथे बाळंत झाली, आणि नवरा जिवंत असल्याचं कळताच बाळ मागे ठेवून परत गेली. ते बाळ तिरूनं कथेचा विषय केलं आणि मग त्याला ते घरीच हवंसं झालं. बाळासाठी त्यानं इंद्राशी लग्न केलं. म्हणजे या घरात मुलगी आधी आली आणि संसार नंतर.

(इथे कायद्याचा एक तपशील. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार अविवाहित पुरुषालाही मूल दत्तक घेता येत होतं. मुलगी असेल तर दोघांच्या वयात किमान 21 वर्षांचं अंतर हवं, अशी अट. कायदा परवानगी देत असला तरी एकट्या पुरुषाच्या हाती मुलगी द्यायला संस्था राजी होणं कठीण. 2015 च्या बाल न्याय कायद्याने तर एकट्या पुरुषाला संस्थेतून मुलगी दत्तक घेण्याची दारं बंदच केली. तेव्हा चित्रपटातली लग्नाची अट कायद्यापेक्षा व्यवहाराला धरून आहे.)

तिरू हा आपल्या ओळखीचा माणूस आहे. आणि ज्या माधवननं तो उभा केला तो तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला. पुरोगामी, प्रेमळ, मुलांशी बरोबरीनं बोलणारा बाप. खोटं बोलायचं नाही, हे त्याचं तत्त्व. म्हणून तो सांगतो. त्याची तत्त्वनिष्ठा खरी आहे, पण पद्धत मला खटकते. दत्तक क्षेत्रात काम करणारे समुपदेशक सहसा सांगतात की ही माहिती मुलाला एके दिवशी समोर बसवून द्यायची नसते. पुरतं कळायला लागायच्या आधीपासून ती गोष्टीसारखी थोडी थोडी कानावर पडत राहावी, म्हणजे 'मला कधी कळलं' हे मुलाला आठवूच नये. तिरूनं ती नऊ वर्षं सांभाळून ठेवली आणि वाढदिवसाच्या दिवशी मोकळी केली. मोकळा झाला तो. मुलीच्या पोटात मात्र गोळा आला.

आपल्या चित्रपटांना 'सत्य सांगण्याचा प्रसंग' फार आवडतो. पार्श्वसंगीत थांबतं, एक जण बोलतो, दुसऱ्याचा चेहरा मोठा होतो, आणि मध्यंतर. जणू वेदना दडलेली होती तोवरच वेदना होती, उघड झाली की बरी होणार. 'कन्नत्तिल'चं मोठेपण असं की त्यात सांगणं सुरुवातीलाच उरकलं जातं आणि उरलेला सगळा चित्रपट सांगितल्यानंतरचा आहे. अमुदा आधी रुसते, मग चिडते, इंद्राला बोचेल असं वागते, आणि एके दिवशी आपल्या आतेमामेभावंडांतल्या एका मुलाला बरोबर घेऊन रामेश्वरमच्या वाटेला लागते. तिला समजूत नको आहे, आई पाहायची आहे. आणि तेव्हा आई-बापाला कळतं की सांगून काम संपलेलं नाही. ते तिला घेऊन युद्ध चाललेल्या देशात जातात. दोन लहान मुलं मागे ठेवून, प्रवासाची हमी नसताना. गोळीबारात इंद्रा जखमी होते. सुज्ञ माणसं याला वेडेपणा म्हणतील. पण नऊ वर्षांच्या मुलीला 'तुझी आई दुसरी आहे' असं सांगायचं आणि 'कुठे आहे?' या तिच्या पुढच्या प्रश्नावर 'मोठी झालीस की बघू' म्हणायचं, हे मला जास्त वेडेपणाचं वाटतं.

इंद्राबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण सिमरननं केलेली ही भूमिका चित्रपटाचा कणा आहे आणि कौतुकात मात्र ती मागे राहते. या चित्रपटाला सहा राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. अमुदा झालेल्या कीर्तनाला, ए. आर. रहमान यांच्या संगीताला, वैरमुत्तूंच्या गीतांना, आणखी काहींना. इंद्रा हात हलवत राहिली. तिच्यापुढचा पेच तिरूपेक्षा अवघड आहे. मुलीचा शोध यशस्वी झाला तर मुलगी जाऊ शकते. तरी ती शोधाला निघते. तिच्या चेहऱ्यावर त्यागाचं तेज वगैरे दिसत नाही. दिसते ती भीती, थोडा राग, आणि तरीही बॅग भरणारे हात. दत्तक आईचं इतकं विनादागिन्यांचं चित्र आपल्या सिनेमात मला तरी फारसं आढळलेलं नाही.

आणि मग ती भेट. एका बागेत श्यामा येते. नंदिता दासची श्यामा आता लढणाऱ्यांत सामील आहे. अमुदाकडे प्रश्न आहेत, तिने ते मनात घोकलेले आहेत. का टाकलंस? बाप कोण? 'दळपती'च्या हिशोबानं इथे सगळं फिटायला हवं होतं. तसं होत नाही. श्यामाकडे पुरती उत्तरं नाहीत, जी आहेत ती द्यायला तोंड नाही. मुलगी म्हणते आमच्याबरोबर चल. आई जात नाही. कधीतरी इथे शांतता येईल, असं काहीतरी ती सांगते आणि निघून जाते. अमुदाला मिळते एक मिठी आणि रडणारी एक बाई. शेवटी ती ज्या गालाचा मुका घेते तो गाल इंद्राचा असतो.

पुष्कळांना हा शेवट अपुरा वाटतो. मला तो न्यायाचा वाटतो. यात तीन माणसांचे तीन हक्क एकाच बाकावर बसलेले आहेत आणि दिग्दर्शकानं एकासाठी दुसऱ्याला उठवलेलं नाही. विचारण्याचा हक्क मुलीचा. न बोलण्याचा हक्क श्यामाचा. आणि इंद्रा-तिरूकडे हक्कापेक्षा जबाबदारी जास्त: ज्यानं सांगितलं त्यानं बरोबर चालायचं, जिथवर मूल जाईल तिथवर, आणि तिथून रिकाम्या हाताने परत यायची वेळ आली तर परतीच्या वाटेवरही. भूतकाळाला सामोरं जाणं म्हणजे त्याच्याकडून उत्तर वसूल करणं, हा समज आपल्याला नाटक-सिनेमांनी लावला. उत्तर मिळेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. सोबतीची मात्र देता येते.

मराठीत याचं जवळचं उदाहरण दत्तकाच्या विषयाबाहेरचं आहे. संदीप सावंत यांचा 'श्वास', 2004. कोकणातला आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात येतो. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग. शस्त्रक्रियेनं जीव वाचेल, दृष्टी जाईल. डॉक्टर म्हणतात, मुलाला आधी सांगायला हवं. अरुण नलावडे यांचा आजोबा ते कसंबसं पचवतो, आणि मग एका दुपारी नातवाला घेऊन इस्पितळातून गायब होतो. डोळे आहेत तोवर त्याला शहर दाखवायचं असतं. इस्पितळात गोंधळ उडतो, डॉक्टर भडकतात. पण सांगण्याचं काम डॉक्टरांच्या आग्रहानं झालं तरी ते निभावलं त्या बेकायदा दुपारीनं. 'श्यामची आई'नंतर पन्नासेक वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आणणारा हा चित्रपट माझ्या लेखी 'कन्नत्तिल'चा सख्खा भाऊ आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सांगायचंच कशाला? मूल सुखात आहे, आईबाप जीव लावतायत, उगाच जखम कशाला करायची? आपल्या घरांत वडीलधारे हेच म्हणतात, आणि मायेपोटी म्हणतात. त्यांना एवढंच दाखवावंसं वाटतं की गोष्ट लपत नाही. शाळेत 'माझं कुटुंब' लिहायला सांगतात आणि कुणाचं नाक कुणासारखं याची चर्चा होते. डॉक्टर विचारतात, घरात कुणाला साखर, कुणाला दमा? लग्नाचं वय झालं की पत्रिका काढायला जन्मवेळ लागते आणि ती कुणालाच सांगता येत नाही. वाड्यातल्या, सोसायटीतल्या कुणा काकूला सगळं माहीत असतं, आणि एखाद्या भांडणात तिची जीभ घसरते. तेव्हा मुलापुढचा खरा पर्याय 'कळणं की न कळणं' हा नसतो. कुणाच्या तोंडून कळणं, एवढाच असतो. घरच्यांनी सांगितलं तर धक्का बसतो. बाहेरून कळलं तर धक्क्यासोबत घरावरचा विश्वासही जातो.

आता चित्रपटाची कमकुवत बाजू, कारण ती आहे. मणिरत्नम यांनी श्यामाला उदात्त कारण दिलं. युद्ध, नवरा, देश. प्रेक्षक तिला दोष देऊच शकत नाही. पण आपल्याकडे बाळ संस्थेच्या दारात ठेवून जाणाऱ्या बाईच्या मागे बहुधा गरिबी असते, कुमारी मातृत्वाची लाज असते, नाहीतर पाठोपाठ झालेली तिसरी-चौथी मुलगी असते. अशी श्यामा असती तर इतक्या सहज आपण तिच्यासाठी रडलो असतो का, हे मला विचारावंसं वाटतं. 'दळपती'तली आई निदान तशी होती.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी. चित्रपट त्याच्या प्रदर्शनाच्या काळातच घडतो असं धरलं तर अमुदाचा जन्म 1992-93 च्या आसपासचा ठरतो. 21 मे 1991 रोजी चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. त्याआधी 1987 ते 1990 भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती. एलटीटीई या तिथल्या तमिळ बंडखोर संघटनेने केलेल्या हत्येनंतर तमिळनाडूत निर्वासितांकडे पाहण्याची नजर बदलली. 1992 पासून त्यांना परत पाठवणं सुरू झालं. रामेश्वरमच्या छावणीत जन्मलेल्या मुलीच्या चरित्रात हे सगळं असायला हवं. कथेत त्याला जागा नाही. मुलीला तिचा भूतकाळ दाखवणारा चित्रपट स्वतःच्या राज्याच्या आणि देशाच्या भूतकाळापाशी येऊन मान फिरवतो. सेन्सॉर, राजकारण, बाजार, कारणं समजण्यासारखी आहेत. तरी हिशोबात ते मांडायला हवं. चित्रपट 14 फेब्रुवारी 2002 ला आला, त्याच महिन्याच्या 22 तारखेला श्रीलंका सरकार आणि एलटीटीई यांच्यात युद्धविरामाचा करार झाला. श्यामानं बोललेली शांतता आलीच की काय, असं वाटण्याचे ते दिवस होते. युद्ध संपलं 2009 च्या मे महिन्यात, आणि ज्या रीतीनं संपलं तिला शांतता म्हणायला तिथल्या तमिळांची जीभ अजून वळत नाही.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र चित्रपटावर नाही, त्याच्या आधाराने आपण जी समजूत करून घेतो तिच्यावर आहे. श्यामाला न बोलण्याचा हक्क आहे, हे मी वर म्हटलं. तो हक्क आईचा आहे. संस्थेचा नाही, सरकारचा नाही. 2005 साली चेन्नईत पोलिसांनी एक टोळी पकडली. झोपडवस्तीतली, फुटपाथवरची लहान मुलं पळवून ती एका दत्तक संस्थेला विकली जात होती आणि खोट्या कागदपत्रांवर परदेशी पाठवली जात होती. नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. 1999 मध्ये असाच चोरीला गेलेला आपला मुलगा नेदरलँड्समध्ये आहे असं मानणारे चेन्नईचे गरीब आईबाप 2010 मध्ये तिथल्या न्यायालयात जाऊन उभे राहिले. त्यांना डीएनए चाचणी हवी होती. न्यायालयाने सक्ती करायला नकार दिला. या गोष्टीत कुठल्याच आईनं मूल टाकलेलं नाही. कागदावर मात्र टाकल्याचं लिहिलं होतं. 'जन्मदातीनं स्वखुशीनं सोडलं' हे वाक्य वाचून एखादा मुलगा परदेशात वाढतो, आईवर रागावतो किंवा तिला माफ करतो, आणि दोन्ही भावना एका खोट्या सहीवर उभ्या असतात. इथे 'कन्नत्तिल'चा धडा लागू पडत नाही. इथे उत्तर वसूल करायलाच हवं.

हे एकट्या चेन्नईचं पाप नाही. श्रीलंकेतून 1980 च्या दशकात युरोपात गेलेल्या मुलांबद्दल अशाच तक्रारी आल्या. नेदरलँड्स सरकारने नेमलेल्या समितीने पाच देशांतल्या दत्तक व्यवहारांची चौकशी केली, त्यात श्रीलंका होती. फेब्रुवारी 2021 मध्ये अहवाल आला आणि नेदरलँड्सने परदेशी दत्तक तात्पुरतं थांबवलं. आपल्याकडे पुण्यात जन्मून तान्हेपणीच जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोहले यांनी स्वतःची फाईल पाहायला मिळावी म्हणून वर्षानुवर्षं इथल्या न्यायालयांत झगडा केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे ते मुलांच्या तस्करीविरुद्ध काम करू लागले. एका माणसाला आपली आई कोण हे विचारायला सर्वोच्च न्यायालय गाठावं लागतं, यात आपल्या व्यवस्थेचं सगळं काही आलं.

वास्तविक याच न्यायालयाने 1984 साली, लक्ष्मीकांत पांडे खटल्यात, न्या. भगवती यांच्या लेखणीतून परदेशी दत्तकासाठी दंडक घालून दिले होते. मूल सज्ञान झाल्यावर त्याला जन्मदात्यांची माहिती द्यायला फारसा आक्षेप नसावा, असंही तेव्हा म्हटलं होतं. आजची दत्तक नियमावली याहून स्पष्ट आहे. मूळ शोधण्याचा मार्ग तिने मान्य केला आहे. तिऱ्हाईताला तो शोध घेता येत नाही. आईने मूल सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती घ्यावी लागते. म्हणजे कायद्यातही श्यामाचं मौन राखलेलं आहे, आणि ते राखलंच पाहिजे.

पण संमती मागायला कुणीतरी आईपर्यंत पोचायला हवं, आणि पोचायला फाईल हवी. संस्था बंद पडतात, माणसं निवृत्त होतात, रजिस्टरं भिजतात. म्हणून ज्यांनी मूल दत्तक घेतलं आहे त्यांना माझं सांगणं इतकंच: मुलानं विचारायची वाट पाहू नका. आजच संस्थेकडे जा, त्याच्या नावे असलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागा, आणि ती घरात अशा जागी ठेवा की उद्या ती काढताना तुमचा हात थरथरणार नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला मूळ शोधण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. त्याहून लहान मुलाचा अर्ज एकट्याचा चालत नाही. तो दत्तक आईवडिलांनी त्याच्यासोबत मिळून करावा लागतो.